रसरंजन नाट्यमंदिरातली गौर

विष्णुपंत खांबेट्यांना लष्करच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सभेत अण्णा नुसते म्हणाले, "रसरंजनला यंदा पन्नास वर्षं होताहेत. गावात लोकांकडे नाट्यगृहाच्या जुन्या वस्तू, जुन्या आठवणी असतील. त्या गोळा करून प्रदर्शन भरवलं तर?" असं काही कानावर आलं की शहाणी माणसं छताकडे बघतात, खोकतात, नाहीतर चपला शोधायला लागतात. विष्णुपंतांनी मान डोलावली. कल्पना चांगली आहे एवढंच त्यांना म्हणायचं होतं हो. पण अण्णांनी ती मान इतिवृत्तात लिहून टाकली आणि विष्णुपंत वस्तुसंग्रह प्रमुख होऊन घरी आले.

अण्णा हे रसरंजन नाट्यमंदिराचे अध्यक्ष. आणि रसरंजन म्हणजे अंबरनाथ पूर्वेचं भूषण. वर पत्रे, खाली लाकडी खुर्च्या. पाऊस लागला की नट तोंड हलवायचे आणि प्रेक्षक अंदाज बांधायचे. पण अण्णांच्या लेखी ते देऊळच होतं. तिथल्या कँटीनमध्ये त्यांनी अंडं सोडाच, कांद्याचं भजंसुद्धा कधी तळू दिलं नाही. नटराजाला कांद्याचा वास चालत नाही असं ते सांगत, आणि नटराजाला जाऊन विचारायची कुणाची छाती नव्हती.

विष्णुपंत रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होते. कुठला डबा कुठल्या रॅकवर आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू गोळा करणं, मांडणं आणि परत करणं आपल्याला जमतं असा त्यांचा समज होता. तो एकोणनव्वद सालच्या गौरीपर्यंत टिकला.

बातमी कळल्याबरोबर शेजारचा मधू गद्रे आला. मधूला सल्ला द्यायचा असला की तो आधी चहा मागतो. कुमुदिनीबाईंनी, म्हणजे सौ. खांबेट्यांनी, कप पुढे केल्यावर तो म्हणाला, "पंत, लोकांकडे वस्तू मागू नका. मागितलं की कुणी देत नाही. तुमच्याकडे एक ऐतिहासिक वस्तू आहे असं आमच्या कानावर आलंय, एवढंच सांगा. मग बघा मजा."

मजा कसली, जत्रा झाली. अंबरनाथ ते बदलापूर ज्याच्या त्याच्या घरात इतिहास निघाला. चिखलोलीकडच्या एका गृहस्थांनी रसरंजनचीच खुर्ची आणून दिली. पाठीवर 'रसरंजन, रांग फ' असं रंगवलेलं स्पष्ट दिसत होतं. "आठवण म्हणून जपली होती हो," असं डोळे पुसत म्हणाले, आणि वर तिची पावती मागितली. बदलापूरच्या एका रसिकांनी भाता फाटलेली पेटी दिली, आणि ती वाजत नसल्यामुळे ती काय काय वाजवायची हे स्वतः गाऊन दाखवलं. कुमुदिनीबाईंनी दोनदा ताटं घेतली आणि दोनदा झाकून ठेवली. एका आजींनी त्यांच्या कैलासवासी यजमानांची कवळी दिली. भर प्रवेशात ती पहिल्या रांगेत पडली होती म्हणे, आणि तरी त्यांनी उरलेला संवाद पुरा केला होता. ती कवळी कुमुदिनीबाईंना दुसऱ्या दिवशी चहाच्या कपात सापडली. उल्हासनगर कॅम्प एकच्या कापडवाल्या शेठनं तर, "पुराना परदा नहीं है साईं, नया ले जाओ," म्हणून मखमलीचा पडदाच दिला. त्यावर दुकानाचं नाव एवढं मोठं होतं की नाटकाचं नाव लिहायला कुठे जागा नव्हती.

विष्णुपंतांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. पण त्यांच्या मनाला समाधान नव्हतं. हे सगळं भंगार आहे हे त्यांना दिसत होतं, कारण शेवटी स्टोअर्सचा माणूस. प्रदर्शनाला एक वस्तू अशी हवी होती की बघणाऱ्यानं चप्पल काढली पाहिजे.

ती वस्तू अण्णांनी सुचवली. रसरंजनचा पहिला प्रयोग पौराणिक नाटकाचा होता. शेवटी देवी प्रकट व्हायची. कागदाच्या लगद्याचा देवीचा मुखवटा ऐन वेळी भिजून त्याचा चिखल झाला. तेव्हा नाटक कंपनीचा माणूस जवळच्या मोरिवली गावात धावत गेला आणि एका शेतकऱ्याच्या घरून गौरीचा पितळी मुखवटा मागून घेऊन आला. देवी प्रकट झाली, पडदा पडला, रसरंजनचं नाव झालं. "तो मुखवटा मिळाला ना विष्णुपंत," अण्णा म्हणाले, "तर प्रदर्शनाचं सोनं होईल."

चौकशी करता ते घर निघालं नाथाचं. आणि नाथा विष्णुपंतांच्याच हाताखाली स्टोअर्समध्ये डबे उचलायला होता. विष्णुपंतांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. ऑफिसरसाहेबांनी बसायला सांगितलं की काहीतरी जाणार हे नाथाला ठाऊक होतं.

"तुमच्याकडे एक ऐतिहासिक वस्तू आहे असं कानावर आलंय," विष्णुपंत म्हणाले.

"साहेब, ती वस्तू नाय. ती आमची गवर हाय."

"हो हो, तीच. थोड्या दिवसांसाठी."

विष्णुपंतांनी समोरचा नाथाच्या ओव्हरटाइमचा कागद सहीसाठी पुढे ओढला आणि मग सही न करता पेन खाली ठेवलं. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

मोरिवलीतलं नाथाचं घर कारखान्यांच्या भिंतीला लागूनच होतं. नाथाची आई कौसाबाई ओटीवर भाजी निवडत बसली होती. तिनं विष्णुपंतांचं सगळं ऐकून घेतलं, पन्नास वर्षं, संस्कृती, वारसा वगैरे. मग आत गेली आणि तांदळात ठेवलेले दोन मुखवटे बाहेर घेऊन आली, थोरली आणि धाकटी. त्यातली थोरली हातात धरून तिनं विचारलं, "तुमच्याकडं गवरी कशाच्या?"

"खड्यांच्या," विष्णुपंत म्हणाले. "नदीवरून खडे आणतो, पूजा करतो, झालं."

"मंजे मुखवटा नाय."

"नाही."

"मंग तुमाला म्हाईत नसंल, म्हून सांगतंय. हिला नुसती ठेवा. साडी नेसवू नका. कुकू लावू नका. उभी करू नका. आन गवरीच्या आदी परत आनून द्या. गेल्या साली गवरी उत्तरात आल्या. औंदा पूर्वात येतान. माजे सुनेचा पयला ओवसा हाय."

सून म्हणजे नाथाची बायको बकुळा. ती दाराआड उभी होती. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण पहिला ओवसा, म्हणजे सुपात फळं-भाज्या-पानं भरून गौरीपुढे ओवाळायची ती पहिली खेप, गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच घेता येते. तो झाल्याशिवाय पुढचे ओवसे नाहीत, आणि आळीतल्या बायकांत सून अर्धी पाहुणीच. औंदा चुकला तर पुन्हा पूर्वा कधी जुळेल ते पंचांगालाच ठाऊक. विष्णुपंतांना यातलं निम्मं कळलं नाही, पण मान डोलवायची त्यांची सवय जुनीच होती.

"शब्द देतो," ते म्हणाले. रंग भरायचे रिकामे डबे वेळेवर न पाठवणाऱ्या पार्ट्या त्यांना फोनवर देतात तसाच तो शब्द होता.

प्रदर्शन श्रावणातच होऊन जायचं होतं. पण त्याला परवानगी लागते असं कुणीतरी सांगितलं, आणि विष्णुपंत एका कचेरीत गेले. कुठल्या ते विचारू नका, सगळ्या सारख्याच.

"प्रदर्शन म्हणजे सेल ना?" कारकुनानं विचारलं.

"नाही. आम्हाला काही विकायचं नाही."

"मग प्रदर्शन कशाला?"

मग काही विकत नसल्याचा दाखला दुसऱ्या कचेरीतून आणायला सांगण्यात आलं. दुसऱ्या कचेरीत कळलं की तिथे विकणाऱ्यांची नोंद असते; न विकणाऱ्यांची कशी असेल? "साहेब, तुम्ही थोडं काहीतरी विका," तिथल्या माणसानं कळकळीनं सांगितलं, "म्हणजे आम्हाला बंद करता येईल. मग बंद केल्याचा दाखला देतो." विष्णुपंतांना आयुष्यात पहिल्यांदा घाम पुसायला रुमाल अपुरा पडला. शेवटी मधूनं कुणाच्या तरी साडूला धरलं आणि परवानगी मिळाली, पण तोवर गणपती येऊन बसले होते. त्यात उद्घाटनाला मुंबईचे मोठे नाट्यसमीक्षक हवेत असा अण्णांचा हट्ट. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सरांनी दिवस दिला तो नेमका गौरीपूजनाचा. त्या दिवशी त्यांना कुणी बोलावत नाही, म्हणून ते मोकळे होते.

या सगळ्यात नाथा रोज डबे उचलता उचलता विचारायचा, "साहेब, गवर?" आणि विष्णुपंत म्हणायचे, "उद्या." मुखवटा काचेच्या कपाटात, कपाटाची किल्ली अण्णांकडे, अण्णा मुलीकडे पुण्याला. खोटं काहीच नव्हतं. आणि मनाच्या कोपऱ्यात विष्णुपंतांना असंही वाटत होतं की एक दिवस मागेपुढे झाला तर गौर काय रुसून बसणार आहे? खड्यांची सवय! कपाटावर त्यांनी सुरेख अक्षरात पाटी लावली होती, 'रसरंजनचा आद्य मुखवटा'. कौसाबाईचं नाव त्यात घालायचं म्हणजे पाटी दोन ओळींची झाली असती.

गौरी आणायच्या दिवशी सकाळी महिला मंडळ नाट्यगृहाचा व्हरांडा सजवायला जमलं. अण्णा पुण्याहून परत आले होते, किल्ली मिळाली होती, मुखवटा टेबलावर ठेवला होता. नाथा दुपारी पाळी सुटली की न्यायला येणार होता. एवढ्यात मधू आला.

"पंत, हे काय? टेबलावर नुसता चेहरा? कुणाचं तरी मुंडकं छाटून ठेवल्यासारखं वाटतंय हो. नाथा नेईपर्यंत एक फोटो तरी नीट काढाल की नाही, उद्या कपाटात लावायला?"

मग काय, शिंप्याकडचा पुतळा आला, त्याला कुमुदिनीबाईंची पैठणी नेसवली, वर मुखवटा बसवला. 'साडी नेसवू नका' हे विष्णुपंतांना आठवलं. आठवलं नाही असं नाही. पण सगळ्या बायका "अय्या, कित्ती छान!" करत होत्या, आणि अशा वेळी एका शेतकरीणबाईनं नको म्हटलंय असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. मग पाटीवर तिचं नाव का नाही हेही सांगावं लागलं असतं.

मंडळात कुंदाताई होत्या. देशस्थ, घरी मुखवट्याच्या गौरी, सोवळंओवळं कडक. त्या हात धुऊन पुढे आल्या. "अगं बाई, आज गौरी आणायचा दिवस, आणि ही सवाष्ण बिनकुंकवाची दारात उभी? नाट्यगृहाचीच आहे ना ती? मग हिचं कोण करणार? आपणच."

नाट्यगृहाचीच आहे ना! पाटीवर तसंच होतं. विष्णुपंत पाटीकडे बघत राहिले.

कुंदाताई काम करायला लागल्या की नीट करतात, हाच त्यांचा दोष. हळद झाली, कुंकू झालं, तिकिटाच्या खिडकीपासून व्हरांड्यापर्यंत रांगोळीची पावलं झाली. कुणी ताट वाजवलं, कुणी नाटकाची घंटा दिली. कुंदाताई गौर घेऊन उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली? अहो खांबेटे, उत्तर द्या ना. घरातल्या माणसानं द्यायचं असतं."

आणि विष्णुपंतांनी छाती भरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं उत्तर दिलं, "सोन्याच्या पावलांनी!"

दुपारी नाथा आला. कामावरचे कपडे बदलून, हातात नवं कोरं फडकं घेऊन. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि तो तिथेच थबकला. आधी त्यानं हात जोडले आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"अरे, घेऊन जा ना!" विष्णुपंत घाईघाईनं म्हणाले. "आत्ता साडी सोडतो. पाच मिनिटांचं काम."

नाथा मागे सरला. "साहेब, ती उभी र्‍हायली ना. आता कशी हलवू?"

"म्हणजे?" कुंदाताईंनी विचारलं. "ही यांच्या घरची आहे?" मग त्यांनीच कपाळाला हात लावला. "खांबेटे! अहो, एकदा बसलेली गौर विसर्जनापर्यंत हलवत नाहीत हो! तुम्ही बोलला का नाहीत?"

तेवढ्यात अर्ध्या महिला मंडळाला घरच्या गौरींची आठवण झाली आणि व्हरांडा रिकामा झाला. कुमुदिनीबाई थांबल्या, पण त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. लग्नाच्या बायकोनं भांडावं हो, पण असं गप्प बसू नये.

संध्याकाळी कौसाबाई आली, बरोबर बकुळा. विष्णुपंतांनी माफीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. कौसाबाईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. गौरीसमोर जाऊन उभी राहिली, पैठणीची निरी हातानं सारखी केली, आणि विचारलं, "हिला घरात कोनी घेतली?"

सगळ्यांनी विष्णुपंतांकडे बघितलं.

"काय बोललाव?"

"सोन्याच्या... पावलांनी," विष्णुपंत पुटपुटले. सकाळचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"मंग ती आली. तिचा काय चुकला?" कौसाबाई म्हणाली. बकुळा पदरात तोंड घालून रडायला लागली तशी तिनं तिला जवळ ओढलं. "रडू नको गो. गवर हितं बसली, तर ओवसा बी हितंच. धाकटी बी हितं येल. भैन एकली कशी र्‍हाईल? उद्या आमी सगली येताव. निवद हितंच व्हईल."

"या ना, या, अवश्य," विष्णुपंत म्हणाले. त्या क्षणी त्यांच्याकडे कुणी नाट्यगृह मागितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं. नैवेद्य कसला ते त्यांनी विचारलं नाही. ते कुंदाताईंनी विचारलं.

"तिखटाचा," कौसाबाई म्हणाली. "मटन आन वडे. आमचे गवरीला तोच लागतो."

अण्णांना हे सांगायला विष्णुपंत गेले आणि निम्मंच सांगून आले. मोरिवलीची चार माणसं सकाळी येऊन पूजा करून जातील, सर यायच्या आत सगळं आवरलेलं असेल, असं ते म्हणाले. नैवेद्याबद्दल ते 'नेहमीचा' एवढंच म्हणाले. आणि येताना मोरिवलीत थांबून कौसाबाईला सांगितलं की तुम्ही अगदी निवांत करा, कुणी तुम्हाला उठवणार नाही. दोन्हीकडे शब्द. सबंध आयुष्यात खांबेट्यांचा शब्द एवढा स्वस्त झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार माणसं आली नाहीत. अख्खी भावकी आली. टोपं आली, परड्या आल्या, सुपं आली, धाकटी गौर टोपलीतून वाजतगाजत आली आणि थोरलीशेजारी उभी राहिली. खुर्ची 'रांग फ' वर एक म्हातारे आजोबा बसले. कवळीच्या काचेवर कुणीतरी पानाचं तबक ठेवलं. कॅम्प एकच्या शेठचा पडदा पोरांना झोपवायला कामी आला. आणि पत्र्याखाली, जिथे पन्नास वर्षांत कांद्याचं भजं तळलं नव्हतं, तिथे मटणाच्या टोपावरचं झाकण उघडलं.

अण्णा जरीचा फेटा बांधून आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी नाकाला उपरणं लावलं. "विष्णुपंत," ते म्हणाले, "हा वास..." पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. "सर यायच्या आत यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी सांगतो यांना."

"थोडा वेळ द्या अण्णा. एवढा ओवसा—"

आणि गाडीचा हॉर्न वाजला. आपल्याकडे पाहुणा वेळेवर आला तरी आश्चर्य. सर तासभर आधी आले. त्यांच्यामागून कॅम्प एकचा फोटोग्राफर चंदीराम कॅमेरा सावरत धावत आला.

सरांनी व्हरांड्यात पाऊल टाकलं. पंगत, सुपं, नटलेल्या बायका, दोन गौरी, रश्श्याचा दरवळ. त्यांनी मोठा श्वास घेतला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! मी म्हटलं असेल नेहमीचं, काचेत कागद आणि कागदावर धूळ. हे काय आहे?"

अण्णांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार हे विष्णुपंतांना दिसत होतं. आणि ते बोलायच्या आत विष्णुपंत बोलून गेले, "लोकपरंपरेचं जिवंत दालन, सर."

"कमाल आहे! आणि ही माणसं? खरी वाटतात अगदी."

"मोरिवलीची आहेत. खास बोलावलीत."

"कल्पना कुणाची?"

"माझीच," विष्णुपंत म्हणाले.

अण्णांचं उपरणं नाकावरून खाली आलं. सरांनी विष्णुपंतांच्या पाठीवर थाप मारली. कौसाबाई वडे वाढत होती, ती वाढायची थांबली. तिनं मान वर करून विष्णुपंतांकडे पाहिलं. रागानं नव्हे, ओळख पटत नसलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. नाथा पलीकडेच उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो खाली बघत होता, आणि ते विष्णुपंतांना जास्त लागलं.

एव्हाना उद्घाटनाला गाव जमलं आणि सगळे फिरून बघायला लागले. बकुळा सुपं घेऊन पुढे आली. हिरवं लुगडं, हातभर चुडा. पहिलं सूप तिनं गौरीपुढे धरलं, ओवाळलं, बायका गाणं म्हणत होत्या. तिच्या चेहऱ्यावर वर्षभराचं ओझं उतरल्याचं दिसत होतं. सर कौतुकानं मान हलवत होते. मग दुसरं सूप उचलून ती सासूकडे वळली.

"वडील मानसाला द्याचा असतो," कौसाबाई म्हणाली. "आमचे घरात वडील मानूस र्‍हायला नाय. ज्याच्या घरात गवर बसली, तो वडील. त्यांना दे."

बकुळा विष्णुपंतांसमोर आली. त्यांनी नको म्हणावं म्हणून हात पुढे केले, आणि त्याच हातांत तिनं भरलेलं सूप ठेवलं. काकडी, पडवळ, हळदीचं पान, नारळ, वर दोऱ्याची गुंडी. मग ती खाली वाकली आणि तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काल हिला आपण रडवली, आज हिला तमाशाला उभी केली, आणि ही आपल्या पाया पडतेय. विष्णुपंतांना वाटलं, हे पत्रे आपल्या डोक्यावर कोसळतील तर बरं होईल. पत्रे जागचे हलले नाहीत.

"अरे साईं, फ्लॅश नहीं जला!" चंदीराम ओरडला. "एक बार फिर से! सूप वापस दो, लडकी फिर से देगी."

"हो हो, पुन्हा घ्या," सर म्हणाले. "आणि मुलीला सांगा, जरा इकडे तोंड कर. चेहरा आला पाहिजे."

बकुळा वाकल्या वाकल्याच सासूकडे बघायला लागली. पहिला ओवसा पुन्हा होत नाही. दिलेलं सूप परत घेतलं तर तो दिला असं होतच नाही. अण्णा पुढे झाले आणि त्यांनी सूप परत द्यायला त्याची कड धरली.

विष्णुपंतांनी सूप छातीशी ओढलं.

"नाही," ते म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. "हे पुन्हा होणार नाही. हा देखावा नाही सर. ही गौर रसरंजनची नाही, यांच्या घरची आहे. मी मागून आणली. नको म्हटलं ते सगळं केलं, वेळेवर परत दिली नाही. नाथा माझ्या हाताखाली आहे म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि ते मला माहीत होतं. ही माणसं मी बोलावली नाहीत. माझ्यामुळे यांना स्वतःच्या घरची देवी सोडून इथे यावं लागलं. कल्पना माझी नाही. माझी आहे ती फक्त चूक. मला लाज वाटते."

मग सरांनी टाळी वाजवली.

"काय उतरलंय!" ते भारावून म्हणाले. "शेवटी सूत्रधारालाच आरोपी केलं! काय कल्पना आहे!"

त्यांच्यामागून चंदीरामनं टाळ्या वाजवल्या, मधूनं वाजवल्या, उद्घाटनाला जमलेल्या सगळ्या गावानं वाजवल्या. अण्णांनीसुद्धा, सर वाजवताहेत म्हटल्यावर, वाजवल्या. "अहो, खरं सांगतोय!" विष्णुपंत ओरडले, तशा टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी मागून वन्स मोअर दिला. सूप छातीशी धरून विष्णुपंत, ज्याला आपलं खरं वाटेल असा एक तरी चेहरा शोधत होते. कुमुदिनीबाई डोळे पुसत होत्या, पण त्याही टाळ्या वाजवत होत्या.

कौसाबाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती हातातली परात खाली ठेवून त्यांच्यापुढे आली.

"झाला का बोलून?"

"हो," विष्णुपंत म्हणाले.

"मंग मागं सरा जरा. कवाधरनं पोरीच्या पदरावर उभे हाव, तिला उठाला येत नाय."